दुधव्यात गेंडे किती?

जंगल आणि प्राणी म्हटलं की आपल्याकडे ‘हा बायोलॉजीवाल्यांचा प्रांत’ असं म्हणून पान उलटलं जातं. मित्रांनो, जरा थांबा. या गोष्टीत विजेचं कुंपण आहे आणि एक छोटंसं समीकरण आहे. दोन्ही आपल्याच खात्यातली.

उत्तर प्रदेशात, लखीमपूर खीरी जिल्ह्यात, नेपाळच्या सीमेला लागून दुधवा राष्ट्रीय उद्यान आहे. तराईचा मुलूख. माणूस दिसणार नाही इतकं उंच गवत, दलदल आणि सालाचं जंगल. इथले एकशिंगी गेंडे एकोणिसाव्या शतकातच शिकारीपायी संपले. पुढे भारतातले जवळजवळ सगळे गेंडे आसाम आणि उत्तर बंगालमध्येच उरले. मोठा पूर, रोगाची साथ किंवा शिंगासाठी होणारी शिकार, यातलं काहीही एका फटक्यात घात करू शकलं असतं. सगळा प्रोजेक्ट एकाच पेन ड्राइव्हवर ठेवून सबमिशनला जाण्यासारखंच हे. म्हणून दुधव्यात दुसरं घर वसवायचं ठरलं.

१९८४ मध्ये आसामहून पाच गेंडे आणले. त्यातले काही लवकरच दगावले. मग १९८५ मध्ये नेपाळच्या चितवनमधून चार माद्या आल्या आणि त्यांच्या बदल्यात भारताने १६ शिकवलेले हत्ती दिले. चाराला सोळा! हा सौदा महाग म्हणायचा की स्वस्त, ते पुढचं वाचून ठरवा.

या मंडळींना सोनारीपूर भागात सुमारे २७ चौरस किलोमीटर जागा कुंपण घालून दिली. असं कुंपण म्हणजे घरातला २३० व्होल्टचा करंट तारेत सोडणं नव्हे. यंत्रातून काही हजार व्होल्टचा, पण क्षणभराचा झटका साधारण दर सेकंदाला जातो. ऊर्जा इतकी कमी की प्राणी दचकतो, मरत नाही. कागदावर झकास. पण पावसाळ्यात वाढलेलं गवत तारेला टेकलं की करंट जमिनीत जातो आणि व्होल्टेज कोसळतं. पुरात खांब हलतात. म्हणजे कुंपणाची खरी ताकद यंत्रापेक्षा रोज गवत कापत फिरणाऱ्या माणसावर ठरते. (आपल्या लॅबमधल्या यंत्रांचंही तेच, पण तो विषय वेगळा.) अधूनमधून गेंडे बाहेर पडले, शेतात शिरले, आणि कुंपणापलीकडच्या शेतकऱ्याला त्याचा त्रास झालाच.

तरीही कळप वाढला. सुरुवातीच्या मूठभरांचे चाळीसहून अधिक झाले. पण खरी अडचण या आकड्याच्या आतच आहे. कित्येक वर्षं इथल्या पिल्लांचा बाप एकच होता, बांके नावाचा नर. गेंड्यांमध्ये दांडगा नर दुसऱ्याला माद्यांजवळ फिरकू देत नाही. मोकळ्या जंगलात हरलेला नर दूर निघून जातो आणि तिकडे आपला संसार थाटतो. कुंपणात जाणार कुठे?

आता गणित. कळपात डोकी किती यापेक्षा, पुढच्या पिढीला वेगवेगळं रक्त किती जणांकडून मिळतं हे महत्त्वाचं. तिला प्रभावी संख्या म्हणतात:

प्रभावी संख्या = (४ × नर × माद्या) ÷ (नर + माद्या)

यात प्रत्यक्ष पिल्लं होणारे नर-माद्याच धरायचे. एक नर आणि १० माद्या घ्या. ४० भागिले ११, म्हणजे ३.६. माद्या २० केल्या तर ३.८. माद्या कितीही वाढवा, नर एकच असेल तर उत्तर ४ च्या पुढे जातच नाही. व्हायवाला विचारलं तर लिमिट घेऊन दाखवा.

प्रत्येक पिढीत आनुवंशिक विविधता ‘एक भागिले प्रभावी संख्येची दुप्पट’ इतकी घटते. ३.६ ला ही घट जवळजवळ १४ टक्के येते. त्यात बांकेच्या मुली वयात आल्या तेव्हाही समोर नर तोच. आणि त्याचे मुलगे पुढे आले तरी ते सगळे त्याच रक्ताचे. अशा कळपात दुबळी पिल्लं आणि रोगाला बळी पडण्याचा धोका वाढतो. गंमत म्हणजे शिरगणतीच्या तक्त्यात यातलं काहीच दिसत नाही. तिथे आकडा चढताच असतो.

बांके २०१६ मध्ये गेला. २०१८ मध्ये याच कळपातला एक नर आणि तीन माद्या भादी भागात दुसऱ्या कुंपणात हलवल्या. दुसऱ्या नराला संधी मिळाली हे उत्तमच, पण घर नवं, रक्त जुनंच. माझ्या मते खरा उपाय बाहेरून नर आणणं हाच. नोव्हेंबर २०२४ मध्ये काही गेंडे रेडिओ कॉलर लावून कुंपणाबाहेर मोकळे सोडले, ते मात्र मोठं पाऊल आहे.

याच व्याघ्र प्रकल्पात बहराइच जिल्ह्यातलं कतर्नियाघाट येतं. तिथे नेपाळच्या बर्दियातले गेंडे खाता नावाच्या जंगलपट्ट्यातून स्वतःच्या पायांनी येतात. तो पट्टा वस्ती आणि शेतांना खेटून आहे, त्यामुळे तो उघडा ठेवणं गावकऱ्यांच्या हातात जास्त आणि वनखात्याच्या हातात कमी. पण अशा वाटेने आलेला असो की ट्रकमधून आणलेला, परक्या रक्ताचा एक नर जरी दुधव्याच्या कळपात मिसळला, तरी समीकरणात नर दोन होतात. दहा माद्या तशाच धरल्या तर उत्तर ३.६ वरून ६.७ वर जातं.