संकेतांक आणि त्यांचे मराठी

आपण 'भोपाळ' लिहितो, हिंदीत 'भोपाल' लिहितात. हा फरक संगणकही पाळतो. वेबपत्त्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत साठवले जाते. 'ळ' आणि 'ल' यांचे पहिले दोन बाइट सारखे, तिसरा मात्र वेगळा. म्हणून पानाचे नाव 'भोपाळ' असताना पत्त्यात 'भोपाल' टाइप केले, तर सर्व्हर ४०४ हा संकेतांक पाठवतो, म्हणजे मागितलेले सापडले नाही. पान चालवणाऱ्याने दुसऱ्या रूपाचीही सोय केली असेल, तर ३०१ येतो आणि ब्राउझर आपोआप योग्य पानावर जातो. मराठी मजकूर वेबवर ठेवणाऱ्या संस्थांनी ही सोय जरूर करावी.

संकेतांकाचा पहिला अंक आधी पाहावा. २ म्हणजे काम झाले, ३ म्हणजे पुढे दुसरीकडे जावे लागेल. ४ असेल तर अडचण मागणीत आहे, ५ असेल तर सर्व्हरकडे. (१ने सुरू होणारे वाचकाला सहसा दिसत नाहीत.) निकालाच्या दिवशी ५०३ दिसला, तर विद्यार्थ्याने रोल नंबर पुन्हा पुन्हा तपासू नये, सर्व्हरवर ताण आहे किंवा दुरुस्ती चालू आहे, थोड्या वेळाने पाहावे. ४०४ असेल तर नुसते थांबून उपयोग नाही, पत्ता तपासावा.

भाषेचा खरा प्रश्न ४०१पाशी येतो. त्याचे इंग्रजी नाव 'अनऑथोराइज्ड'. शब्दशः 'अनधिकृत' लिहिले की वाचकाला आपण काही गैर केले असे वाटते आणि तो परत फिरतो. प्रत्यक्षात अर्थ एवढाच, की ओळख पटलेली नाही. तेथे 'कृपया लॉगिन करा' हेच योग्य मराठी. सर्व्हरने मागणी समजून घेऊनही नकार दिला, तर तो ४०३. 'परवानगी नाही' हे शब्द त्याच्यासाठी राखावेत. ४१० म्हणजे पान काढून टाकले आहे आणि बहुधा परत येणार नाही. त्यालाही 'सापडले नाही' म्हणणे ढिलाईचे होईल.

प्रोग्रॅम फक्त आकडा वाचतो. २०१५ साली आलेल्या एचटीटीपी/२मध्ये तर आकड्यासोबतचे इंग्रजी शब्द पाठवलेच जात नाहीत. त्यामुळे पडद्यावरचे वाक्य संपूर्णपणे आपल्या हाती आहे. मात्र पानावर 'सापडले नाही' असे छापून मागून २०० पाठवला, तर प्रोग्रॅम त्या रिकाम्या पानालाच खरा मजकूर समजतो.