तलावाभोवतीचे अंगण आणि चार महिन्यांचा पाऊस

लोणावळा, कर्जत, अलिबाग या पट्ट्यात सुट्टीच्या बंगल्याला पोहण्याचा तलाव जोडण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. मात्र असे तलाव बांधून दोन-चार पावसाळे काढलेल्या घरमालकांचे अनुभव एकत्र पाहिले, तर बहुतेक तक्रारींचे मूळ तलावात नसून त्याच्या सभोवतालच्या अंगणात असल्याचे आढळते. आराखडा एप्रिल-मे महिन्यातील उन्हाळी दुपार डोळ्यांसमोर ठेवून काढला जातो आणि जून ते सप्टेंबर या काळात त्या जागेवर किती पाणी पडेल, ते कोठे साचेल व कोठून बाहेर जाईल, हा प्रश्न कंत्राटदाराच्या मर्जीवर सोडला जातो. पुण्यात वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस होतो, तर तेथून जेमतेम दीड-दोन तासांच्या वाटेवरील लोणावळ्यात तो 4000 मिलिमीटरच्या घरात जातो. म्हणजे 8 मीटर लांब व 4 मीटर रुंद तलावाच्या केवळ पृष्ठभागावर एका मोसमात सव्वा लाख लिटरहून अधिक पाणी पडते, आणि दीड मीटर खोलीच्या अशा तलावाची एकूण क्षमता मात्र 48,000 लिटरच असते. जादा पाणी वाहून नेणारी नळी पुरेशा व्यासाची नसेल, तर हे पाणी काठावरून फरसबंदीखाली शिरते आणि तिच्याखालील भराव खचवते.

सर्वांत महागडी हानी मात्र याहून वेगळ्या कारणाने होते. पावसाळ्यात पाणी हिरवे झाले की तलाव रिकामा करून घासून काढावा, असे अनेकांना वाटते, आणि किनारपट्टीवर किंवा भातखाचरांलगत, जेथे श्रावणात भूजल जमिनीच्या पृष्ठभागाजवळ येते, तेथे हाच निर्णय घातक ठरतो. वर दिलेल्या मापाच्या तलावाचे 20 सेंटिमीटर जाडीचे आरसीसी कवच सुमारे 35 टन वजनाचे असते. भोवतालचे भूजल काठापर्यंत चढले, तर त्या कवचाला वर उचलणारा उत्प्लावक जोर, म्हणजे बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतका वरच्या दिशेचा दाब, 60 टनांच्या पुढे जातो. तलाव भरलेला असताना आतील 48 टन पाणी हा दाब सहज पेलते; रिकामे कवच मात्र होडीसारखे वर येऊ लागते. आधी काठाच्या लाद्यांच्या ओळीत केसासारखी भेग दिसते, मग नळ्यांचे सांधे तुटतात, आणि एकदा तिरपे झालेले कवच पूर्ववत बसवणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून तळाखाली खडीचा थर, त्यातून बाहेरच्या उतारापर्यंत नेलेली सच्छिद्र नळी आणि तळात भूजलाचा दाब सोडणारी झडप या तिन्हींची तरतूद खोदकामाच्या वेळीच करावी, आणि पावसाळ्यात तलाव कोणत्याही परिस्थितीत रिकामा करू नये. हिरवे पाणी क्लोरीन व गाळणीने सुधारता येते.

देशावरील काळ्या मातीत अडचण निराळी असते, कारण ती माती पावसात फुगते व उन्हाळ्यात आक्रसते, आणि तिच्यावर थेट टाकलेली फरसबंदी वर्षभरातच उखडते. तेथे माती काढून मुरूम थराथराने भरून धुम्मस केल्याशिवाय काठाचे काम हाती घेऊ नये.

काठाच्या दगडाची निवड दुकानात, कोरड्या नमुन्यावरून केली जाते, हे खेदाने नमूद करावे लागते. गुळगुळीत घोटलेला कोटा दगड ओल्या पायाखाली निसरतो, काळा बेसाल्ट मे महिन्यात अनवाणी पायाला चटके देतो, आणि सावलीतल्या कोणत्याही दगडावर आषाढ-श्रावणात शेवाळ धरते. ज्वाला देऊन पृष्ठ खरखरीत केलेला, बाजारात फ्लेम्ड म्हणून मिळणारा फिकट ग्रॅनाइट या तिन्ही कसोट्यांना बऱ्यापैकी उतरतो. फरसबंदीचा उतार तलावाकडे नव्हे, तर तलावापासून दूर, दर मीटरला दीड ते दोन सेंटिमीटर असावा. अन्यथा बागेतील लाल चिखल पहिल्याच वळवात पाण्यात उतरतो. बसण्याच्या जागेवरील छपराची वळचणही तलावावर येऊ देऊ नये, कारण पागोळ्यांबरोबर कौलांवरचा पाचोळा व धूळ आत येते.

पावसाळी वारे नैर्ऋत्येकडून येत असल्याने त्या दिशेला उघडी असलेली पडवी झडीने कायम भिजते. शक्य असल्यास घराची भिंत त्या बाजूस घेऊन बैठक ईशान्येला वा पूर्वेला ठेवावी. तिला उन्हाळ्यात दुपारनंतर घराचीच सावली मिळते. जांभळाचे झाड काठाशी असेल, तर मे-जूनमध्ये फळांचे जांभळे डाग दगडात मुरतात, तर वड, पिंपळ व उंबर यांची मुळे नळ्यांचे सांधे शोधत येतात. काठाजवळ कर्दळ किंवा हेलिकोनिया लावावी, आणि मोठी झाडे तोडण्यापेक्षा तलावच त्यांच्यापासून दूर न्यावा.

सुरक्षेबाबत तडजोड नसावी. लहान मूल आवाज न करता बुडते, आणि मोठ्यांची नजर चुकायला एक फोन पुरतो. म्हणून घर व पाणी यांच्यामध्ये किमान 1.2 मीटर उंचीचे, पाय ठेवून चढता येणार नाही असे कुंपण असावे, त्याचे फाटक आपोआप मिटणारे व बाहेरच्या बाजूस उघडणारे असावे, आणि कडी मुलांच्या हाताला न लागणाऱ्या उंचीवर असावी. दृश्य बिघडते म्हणून कुंपण टाळणाऱ्या आराखड्यास मान्यता देऊ नये. पाण्यातील दिवे 12 व्होल्टचे घ्यावेत, आणि पंपाच्या जोडणीवर 30 मिलिअँपिअर गळतीला पुरवठा तोडणारी आरसीसीबी, म्हणजे गळती-संरक्षक स्विच, बसवून ती दरमहा चाचणीचे बटण दाबून तपासावी.

खोदकाम दसऱ्यानंतर, भूजल उतरल्यावर सुरू करावे. त्याआधीचा एक पावसाळा जमीन मोकळी ठेवून पाणी कोठे थांबते हे पाहता आले, तर त्या खुणांवरूनच चरांच्या रेषा आखाव्यात आणि मगच तलावाची जागा ठरवावी.