हलकं फ्लायव्हील: पिकअपवाल्यांनो, आधी हिशोब मागा

भार वाहणाऱ्या डिझेल पिकअपचं फ्लायव्हील लेथवर चढवून हलकं करून देणारा माणूस खोटं बोलत नाही, आणि मला राग आहे तो त्याचाच. तो जो फायदा सांगतो तो खरा असतो. फक्त तो कुठल्या गिअरमध्ये, किती लोडवर आणि किती वेळ टिकतो, हे सांगायचं तो टाळतो. रिकामी गाडी न्यूट्रलमध्ये उभी करून ॲक्सिलरेटर दाबला की सुई झपकन वर जाते. गिऱ्हाईक खूश, बिल वसूल. न्यूट्रलमध्ये भाडं कोणी मारत नाही. या कामाचे पैसे आणि त्यानंतरचा मनस्ताप दोन्ही माझ्या खात्यावर जमा आहेत, म्हणून जो हिशोब मला कोणी दिला नाही तो इथे मांडतो.

उदाहरणाला अडीच लिटरची चार सिलिंडरी गाडी घेऊ. फ्लायव्हील 12 किलोचं, त्रिज्या 14 सेंटिमीटर. त्यातलं अडीच किलो लोखंड मध्यापासून साधारण 12 सेंटिमीटरवरून काढलं. वजन पाचव्या हिश्श्याने कमी झालं, पण जडत्व त्रिज्येच्या वर्गाने मोजतात, त्यामुळे ते तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास घटलं. आता पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचे 17 फेरे झाले की चाकाचा एक होतो असं धरा, आणि चाकाची त्रिज्या 34 सेंटिमीटर. पिकअप घेताना या कपातीचा परिणाम गाडीवरून सुमारे 90 किलो माल उतरवल्याइतका होतो. ऐकायला झकास. तीच कपात टॉप गिअरमध्ये, जिथे 4.3 फेऱ्यांना चाकाचा एक फेरा, जेमतेम सहा किलोची भरते. मालासकट 2,900 किलोच्या गाडीला पहिल्या गिअरमध्ये तीन टक्के आणि हायवेवर 0.2 टक्के. माझे डोळे उघडले ते या दोन आकड्यांनी. ओव्हरटेक करताना, म्हणजे जिथे पिकअप खरोखर हवा असतो, तिथे हाताला काहीच लागत नाही. पहिल्या गिअरमध्ये जे लागतं त्याची किंमत तिथेच, त्याच गिअरमध्ये मोजावी लागते.

ती किंमत चढावर कळते. फ्लायव्हील ही साठवलेली ताकद आहे. आंबा घाटाच्या वळणावर पुढची एसटी थांबली, तुमची भरलेली गाडी मागे उभी, आणि आता निघायचंय. इंजिन 1,500 फेऱ्यांवर नेऊन क्लच सोडला आणि फेरे 800 वर आले, तर मूळ फ्लायव्हील त्या क्षणात सुमारे 1,040 जूल ऊर्जा सोडतं. हलकं केलेलं 720. दहाला एक अशा चढावर 2,900 किलोची गाडी एक मीटर सरकवायला साधारण 2,850 जूल लागतात. म्हणजे फ्लायव्हीलचा वाटा चिल्लर नाही. त्यात टर्बो डिझेलचा स्वभाव असा की कमी फेऱ्यांवर बूस्ट जवळजवळ नसतोच, म्हणजे इंजिन सगळ्यात दुबळं असतं नेमकं तेव्हाच ही उधारी कामी येते. ती कापली की ड्रायव्हर दोनच गोष्टी करू शकतो: जास्त रेस द्यायची किंवा हाफ क्लच लांबवायचा. दोन्हीत क्लच प्लेट तापते. आणि ती उष्णता शोषायची कोणी? त्याच फ्लायव्हीलने, ज्याचं लोखंड आपण पैसे देऊन काढलं. तापमान चटकन चढतं, घर्षणाच्या तोंडावर निळे डाग आणि बारीक चिरा येतात, आणि वास केबिनमध्ये येतो तोवर उशीर झालेला असतो.

आयडलचंही तसंच. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात एका फेऱ्यात दोन पॉवर स्ट्रोक. 750 फेऱ्यांवर सेकंदाला 25 धक्के, आणि दोन धक्क्यांच्या मध्ये डिझेलच्या जबर कॉम्प्रेशनला तोंड द्यायचं. हे चढउतार पोटात घेणं हेच फ्लायव्हीलचं मूळ काम. जडत्व कमी केलं की क्रँकचा वेग जास्त हेलकावतो आणि गिअरबॉक्समधून खडखड येते.

यावर हमखास येणारी उत्तरं मला पाठ आहेत. ‘डायनोवर पॉवर वाढलेली दिसते.’ दिसते, कारण ड्रम फिरवून वेगवाढ मोजणाऱ्या डायनोवर फ्लायव्हील फिरवण्यात खर्च होणारी ताकद वाचते. स्थिर फेऱ्यांवर ब्रेक लावून मोजा, आकडा तोच येईल. डिझेल तेवढंच जळतंय. ‘मायलेज वाढतं.’ एकसारख्या वेगात फिरणारं फ्लायव्हील वेग वाढवायला काही खात नाही, मग वाचणार काय? ‘उतारावर इंजिन ब्रेकिंग चांगलं मिळतं.’ एका वेगाने उतरताना त्याचा काही संबंध नाही. ‘गिअर लवकर पडतात.’ इथे थोडं तथ्य आहे: खालचा गिअर टाकताना फेरे लवकर जुळतात. पण वरचा टाकताना लांब लिव्हर सावकाश हलवेपर्यंत फेरे नको तितके खाली येतात, आणि भरलेली गाडी गचका खाते. शेवटचं उत्तर अमेरिकन व्हिडिओंचं. तिथे 5.7 लिटरच्या आठ सिलिंडरी पेट्रोल इंजिनावर जड फ्लायव्हील काढून ॲल्युमिनियमचं बसवतात. त्या इंजिनाला एका फेऱ्यात चार पॉवर स्ट्रोक, खालच्या फेऱ्यांवरही भरपूर टॉर्क, आणि मागे बहुधा मोकळा हौदा. रेसिंगला, रिकाम्या पेट्रोल गाडीला, सतत वरच्या फेऱ्यांवर पळणाऱ्या इंजिनाला हलकं फ्लायव्हील शोभतं. माझा त्याला विरोध नाही. आपली गाडी त्यातली नाही.

तक्रार घेऊन गेलात की ‘सवय होईल’ आणि ‘तुमचाच क्लच सोडायचा हात बरोबर नाही’ ही वाक्यं ऐकायची तयारी ठेवा. वर्षानुवर्षं घाटात गाडी चालवलेल्या माणसाला हे सांगायला धाडस लागतं, पण ते यांच्याकडे पुष्कळ असतं. म्हणून काम सुरू होण्याआधीच फ्लायव्हील काट्यावर ठेवून वजन लिहून घ्या, आणि किती व कुठून काढणार हे विचारा. उत्तर ‘बघतो ना’ असेल तर चावी परत घ्या. क्लचच्या तोंडाला फेसिंग करायचं असेल तर कंपनीने दिलेल्या किमान जाडीपर्यंतच. तोंडाला पायरी असेल तर पायरीही तितकीच उतरवायला हवी, नाहीतर नवी प्रेशर प्लेट नीट दाबत नाही. मागची बाजू, कडा, भोकं यांना हात नको. ओतीव लोखंड मनमानी खरवडलं तर ते जोरात फिरताना फुटू शकतं, आणि ते फुटतं ते तुमच्या पायांच्या जवळ. बॅलन्सिंग प्रेशर प्लेट लावून करून घ्या. गाडीला ड्युअल मास फ्लायव्हील असेल तर लेथचं नावच काढू नका, त्याच्या पोटात स्प्रिंगा असतात. गिअरबॉक्स उतरलेलाच आहे तर क्रँकचा मागचा ऑईल सील आणि पायलट बेअरिंग बदलून टाका, मजुरी एकदाच पडते. बाकी चांगला मेकॅनिक निवडा वगैरे सगळेच सांगतात.

काढलेलं लोखंड परत चिकटवता येत नाही. हौस भागवायचीच असेल तर वेगळं, त्याच कामासाठी बनवलेलं फ्लायव्हील विकत घ्या, आणि मूळचं तेल लावून, गोणपाटात गुंडाळून घरी आणा. गॅरेजमध्ये ठेवू नका; भंगाराला त्याचा चांगला भाव येतो.