बियाण्याचे मासे राखा
महसीर मासा पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध वर चढून वाहत्या, स्वच्छ पाण्यातील गोट्यांत अंडी घालतो. बंधाऱ्याने वाट अडली, वाळू उपसली, अगर सुरुंगाने मासे मारले, तर त्याचा वंश खुंटतो. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटा वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून महसीराची पिल्ले तयार करून जलाशयांत सोडली, हे स्तुत्य होय. परंतु आपणांस अधिक बोधप्रद उदाहरण वाडे तालुक्यातील तिळसे गावाचे आहे. तेथे वैतरणेकाठी तिळसेश्वराच्या देवळापाशी असलेल्या डोहात ग्रामस्थ मासेमारी होऊ देत नाहीत; म्हणून महसीर टिकला.

शेतकरी बंधूंनो, पूर्णा व दुधना उन्हाळ्यात आटतात, तेव्हा खोल डोहांत उरलेले मासे हेच पुढील बीज होय. गावाने ठराव करून असा एक तरी डोह राखावा. बियाण्याची ज्वारी आपण दळून खात नाही.