जवानांच्या नावाने विकला जाणारा चाकू : व्यापाऱ्याने काय तपासावे?

मानपाडा या नावाची आपल्या जिल्ह्यात दोन ठिकाणे आहेत. एक ठाण्यात घोडबंदर रोडला, दुसरे डोंबिवली पूर्वेला. जानेवारी २०१९ मध्ये डोंबिवलीच्या मानपाडा रोडवरील एका दुकानावर कल्याण गुन्हे शाखेच्या पोलिसांनी छापा घातला. तलवारी, चॉपर, खुकऱ्या, बटणाचे चाकू, छऱ्याच्या बंदुका अशी सुमारे १७० हत्यारे हाती लागली. सगळ्या मालाची किंमत दोन लाखांच्या आतच होती. दुकान हत्यारांचे नव्हते, फॅशनच्या व शोभेच्या वस्तूंचे होते. त्या खटल्यात पुढे काय झाले हा या पानाचा विषय नाही. व्यापारी म्हणून आमचे लक्ष एवढ्याच गोष्टीकडे गेले की, हत्यारांचा माल आता कपडे-कटलरीच्या दुकानांतून फिरू लागला आहे.

तो कसा शिरतो, हे कापडवाल्यांना चांगले ठाऊक आहे. आधी फौजी छापाचे कापड येते. मग त्याच छापाची टोपी, बनियन, कमरेचा पट्टा, पाठीवरची सॅक. गिऱ्हाईक चांगले, मार्जिन चांगले. मग एक दिवस तोच पुरवठादार पेटी उघडून काळ्या पात्याचा चाकू काउंटरवर ठेवतो. आमच्याकडेही एकाने असे नमुने आणले होते. पेटीवर फौजी वेशातील माणसाचे चित्र, खाली इंग्रजीत ‘टॅक्टिकल’ आणि ‘सेल्फ-डिफेन्स’ हे शब्द, शिवाय जवानांना ओळखपत्रावर खास सवलत. आम्ही विचारले, हा माल कोणत्या पलटणीने मागविला? कोणी तपासला? कागद काही आहे का? कागद नव्हता. हसत हसत त्याने हेही सांगून टाकले की फौजी क्वचितच घेतो, घेतात ती कॉलेजची पोरे.

व्यापारी बांधवांनी या उत्तरावर थोडे थांबून विचार करावा. जाहिरात एकासाठी आणि माल दुसऱ्यासाठी, असा हा सौदा आहे.

प्रथम खरोखरच्या जवानाचा विचार करू. त्याला हत्यार सरकार देते. संगीन द्यायची की खुकरी, हे त्याची पलटण ठरविते. वर्दी आणि इतर सामान सरकारी कारखान्यांतून आणि ठरलेल्या पुरवठादारांकडून येते. घरखर्चाच्या वस्तू तो कॅन्टीनमधून घेतो. कॅन्टीन स्टोअर्स डिपार्टमेंट हे खाते १९४८ पासून चालू असून त्याचे मुख्य कार्यालय मुंबईतच आहे. रणांगणावर एखादी वस्तू कमी पडली तर ती पुरी करण्याचाही रस्ता आहे. १५ जून २०२० रोजी गलवान खोऱ्यात गोळी न चालता हातघाईची चकमक झाली आणि आपले २० जवान शहीद झाले. त्यानंतर नोएडाच्या एका कंपनीने अशा झटापटीत वापरायची, जीव न घेणारी साधने तयार केली. विजेचा झटका देणारा त्रिशूळ वगैरे साधने ऑक्टोबर २०२१ मध्ये लोकांसमोर आली, आणि सुरक्षा दलांनी सांगितले म्हणून ती बनविली असे कंपनीने सांगितले. दलाने गरज सांगावी, कारखान्याने बनवावे, दलाने तपासून घ्यावे, असा तो व्यवहार. आपल्या काउंटरवरील पेटीचा या व्यवहाराशी काडीचा संबंध नाही. तरीही ती पेटी जवानाला सांगते की सरकारने दिलेले तुला पुरणार नाही, हे आणखी घे. हे म्हणायला विकणाऱ्याजवळ आधार काय?

आता तोच जवान सुट्टीवर घरी निघाला आहे असे समजा. कल्याण जंक्शनवर खांद्याला किटबॅग लावलेले जवान आपण रोजच पाहतो. पुष्कळ दुकानदारांची अशी समजूत आहे की फौजी माणसाला हत्याराचा कायदा लागू नाही. ही समजूत चुकीची आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे कलम ४५ सरकारी नोकराला सूट देते, पण ती तो आपले कर्तव्य बजावीत असताना. रजेवर असताना स्वतःच्या पैशाने बाजारातून घेतलेल्या चाकूला ते कलम पांघरूण घालीत नाही. नियमांच्या यादीत तलवार, खंजीर, संगीन यांच्याबरोबर ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू येतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय वा कारखान्याच्या कामासाठी बनविलेली पाती त्यातून वगळली आहेत. याखेरीज महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली आपल्याकडे वेळोवेळी मनाई आदेश निघतात. त्या मुदतीत हत्यार घेऊन हिंडले तर कलम १३५ लागते. म्हणजे जवानाचा मित्र म्हणवून घेणारा दुकानदार त्याच्या हातात अशी वस्तू देतो, जिच्यामुळे त्या जवानाची नोकरीच धोक्यात यावी. आणि हे पेटीवर कोठेही लिहिलेले नसते.

‘वगळली आहेत’ या शब्दांकडे पुन्हा पाहावे. खाटकाचा सुरा आणि पेटीतला काळा चाकू यांची लांबी सारखी असू शकते. फरक पडतो तो कशासाठी बनविला यावरून. पेटीवर ‘लढाईसाठी’ असे छापून विकणारा आपला हेतू स्वतःच्या हाताने लिहून देतो, असे आमचे मत आहे. नेमका सल्ला वकिलाकडून घ्यावा, पण माल भरण्यापूर्वी घ्यावा.

दिल्लीचे एक उदाहरण विक्रेत्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. तेथे १९८० च्या अधिसूचनेने ठरावीक मापाच्या बटणाच्या चाकूंवर बंधन घातले. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका माणसावरील खटला रद्द केला. कारण ती अधिसूचना चाकू बनविणे, विकणे किंवा विक्रीसाठी बाळगणे यावर आहे, आणि त्या माणसाने तो विक्रीसाठी ठेवला होता असा आरोपच नव्हता. बाळगणारा सुटला. त्याच्या जागी दुकानदार असता तर? त्या अधिसूचनेचा रोख विकणाऱ्यावरच आहे.

‘सेल्फ-डिफेन्स’ हा शब्द पेटीवर फार स्वस्त झाला आहे. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातले. उर्दूतील ताजिराते हिंदमध्ये यासाठी ‘हिफाजते खुद इख्तियारी’ असा भारदस्त शब्द आहे. कायद्यात तो एक हक्क आहे, आणि त्या हक्काला मर्यादाही आहे. बचावासाठी लागेल त्यापेक्षा अधिक इजा करता येत नाही. जुन्या दंडसंहितेत ही कलमे ९६ ते १०६ होती, आता भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४ आहेत. मर्यादेसह दिलेला हक्क मर्यादा काढून विकणे हे मापात मारण्यासारखेच आहे. शिवाय ज्याने कधी झटापट पाहिली नाही अशा मुलाला चाकू हिंमत देतो, कसब देत नाही. तोच चाकू हिसकावून त्याच्यावर उगारला जाऊ शकतो. विक्रेता हे जाणतो आणि गप्प बसतो. कापडाचा डाग घडीत लपविणे ज्यांना गैर वाटते, त्यांना हे गैर का वाटू नये?

जाहिरातीच्या शब्दांवरच कायदा करणारा देश आहे. लंडनमध्ये डिसेंबर १९९५ मध्ये एका शाळेच्या दारात मुख्याध्यापकांचा चाकूने खून झाला, तोही एका पोराच्या हातून. त्यानंतर १९९७ मध्ये ब्रिटनने चाकूंचा कायदा केला. चाकू लढाईला योग्य आहे असे सुचवून विकणे, किंवा मारामारीला उत्तेजन मिळेल अशा रीतीने त्याची जाहिरात करणे, हा गुन्हा ठरला. चाकू तोच असेल, शब्द बदलले की गुन्हा. आता गंमत पाहा. त्याच कायद्यात विक्रेत्याला एक बचाव दिला आहे : माल कोणत्याही देशाच्या सैन्याच्या वापरासाठी म्हणून विकला असेल तर. ‘फौजी’ लेबलवाल्यांना वाटेल, सुटलो! पण पुढे दोन अटी आहेत. तशा रीतीने विकणे वाजवी होते हे विक्रेत्याने सिद्ध करायचे, आणि त्या जाहिरातीमुळे चाकू गैरवापर करणाऱ्याच्या हाती पडेल असा संशय घ्यायला जागा नव्हती, हेही सिद्ध करायचे. आमच्या पुरवठादाराने हसत दिलेले उत्तर दुसऱ्या अटीपाशीच नापास झाले असते. आपल्याकडे शब्दांसाठी असे कलम आमच्या पाहण्यात नाही. आपला शस्त्र कायदा इंच मोजतो. शब्दांचे माप दुकानदाराने स्वतःच घ्यायचे आहे.

हा विचार आपल्याला परका नाही. फितन्याच्या काळात शस्त्रे विकणे इम्रान बिन हुसैन (रजि.) यांना नापसंत होते, याची नोंद बुखारीत आहे. हनफी फिकहच्या हिदाया या ग्रंथात अशी विक्री मकरूह म्हटली आहे. पण तेथेही भेद केला आहे. घेणारा फितना करणाऱ्यांपैकी आहे हे माहीत असेल तर मकरूह, माहीत नसेल तर हरकत नाही. सौद्याचा हुकूम विकणाऱ्याच्या माहितीवर ठरतो. ज्याला आपले गिऱ्हाईक कोण हे नीट ठाऊक आहे, त्याला पेटीवरील चित्राकडे बोट दाखवून सुटता येणार नाही. बाण घेऊन मशिदीतून किंवा बाजारातून जाताना त्याचे टोक हातात धरावे, कोणा मुसलमानाला लागू नये, ही नबी (स.) यांची शिकवण तर मदरशातील लहान मुलालाही माहीत असते. त्यात बाजाराचा उल्लेख आहे हे आम्हां व्यापाऱ्यांच्या मात्र लवकर लक्षात येत नाही.

म्हणजे फौजी माणसाला चाकू विकूच नये काय? तसे मुळीच नाही. स्वित्झर्लंडच्या इबाख गावातील कार्ल एल्सनर या कारागिराने १८९१ मध्ये आपल्या देशाच्या सैन्याला चाकू पुरविले. त्यात पात्याबरोबर डबा उघडण्याचे साधन, भोक पाडण्याची आर आणि बंदूक खोलण्यास उपयोगी पडणारा पेचकस होता. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन शिपायांनी ते आपल्या घरी नेले आणि जगभर नाव झाले. शंभरावर वर्षे ही कंपनी सैन्याच्या नावावर माल विकते आहे, पण विकते ते अवजार म्हणून. सप्टेंबर २००१ नंतर विमानांत चाकूंना बंदी आली, तेव्हा तिची विक्री घसरली. मे २०२४ मध्ये तिने बिनपात्याचे साधन तयार करीत असल्याचे जाहीर केले. विकत असलेल्या मालातून पातेच काढायला निघालेला कारखानदार विरळा. दोर कापायला, डबा उघडायला, फांदी तासायला जवानाला चाकू लागतो. तो त्या कामाच्या नावाने विकावा. किंमत कमी येईल, कारण भीतीचा अधिभार त्यात नसतो.

बाजारातून एक उत्तर नेहमी येते. आपण नाही विकला तर ऑनलाइनवाला विकेल. विकतो, हे खरे आहे. मे २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत दंगलीनंतर काही दिवसांतच पोलिसांनी तलवारी, चाकू, गुप्त्या जप्त केल्या. त्या एका मोठ्या ऑनलाइन कंपनीमार्फत मागविलेल्या होत्या आणि पार्सले घरपोच होणार होती. दंगलीच्या शहरात बचावाच्या नावाने हत्यार विकणारा दोन्ही मोहल्ल्यांत विकतो. एका घरात गेलेले पार्सल शेजारच्या गल्लीत दुसऱ्या पार्सलची मागणी तयार करते. हा धंदा असा आहे की त्यात माल स्वतःच गिऱ्हाईक आणतो. आणि रस्त्यावर झडती सुरू झाली की सापडतो तो आपला पोरगा, पार्सल पाठविणारा नव्हे.

कापडवाल्यांसाठी याच विषयाला लागून एक सूचना. सैन्याने १५ जानेवारी २०२२ रोजी नवी लढाऊ वर्दी दाखविली आणि त्याच वर्षी तिच्या डिझाइनची नोंदणी करून हक्क आपल्याकडे घेतला. तो छाप परवान्याशिवाय बनविणे व विकणे बेकायदा आहे. दिल्ली छावणीच्या बाजारात तयार वर्द्या जप्तही झाल्या आहेत. जानेवारी २०१६ मध्ये पठाणकोटच्या हल्ल्यानंतरही दुकानदारांनी फौजी कपडे विकू नयेत असे सैन्याने सांगितले होते. भिवंडीहून किंवा उल्हासनगरहून त्या छापाचे ताके स्वस्त मिळत असतील तर स्वस्त का, हे विचारून घ्यावे.

दुकानात चाकू-सुऱ्या ठेवणाऱ्यांनी बिलावर वस्तूचे काम आणि पात्याची लांबी लिहावी : ‘स्वयंपाकाचा चाकू, ६ इंच’. मिसरूड न फुटलेल्या मुलाला एकट्याने आला असता देऊ नये, घरच्या मोठ्याला घेऊन ये म्हणावे. पेटीवर लढाईचे चित्र असेल तर पेटी बदलून मागावी. पुरवठादार बदलून देत नसेल तर त्याचा माल कशावर खपतो ते उघडच आहे. जवानांना सवलत द्यायची असेल तर खुशाल द्यावी, चादर-टॉवेलवर द्यावी. मात्र त्यासाठी त्यांच्या ओळखपत्राची झेरॉक्स किंवा मोबाइलवर फोटो घेऊन ठेवू नये. जवान असल्याची बतावणी करून, खोटी ओळखपत्रे दाखवून जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीत लोकांना फसविणाऱ्या टोळ्या गेली काही वर्षे चालू आहेत. असे फोटो त्यांच्या हाती पडले तर त्यांचे काम सोपे होते. कार्ड पाहावे, सलाम करावा आणि परत द्यावे.