ऑर्किडची कुंडी हंगाम पाहून बदला

भाजलेल्या मातीच्या गोळ्यांत, म्हणजे लेकात, ऑर्किड छान वाढतं. पण खानदेशात ते कधी हलवायचं, यावरच त्याचं जगणं-मरणं ठरतं.

आमच्या जळगावच्या घरी फॅलेनॉप्सिसची रोपं एप्रिलमध्ये मॉसमधून काढून लेकात लावली. लेकाच्या कुंडीला बुडापासून इंचभर वर भोक असतं. त्याखाली पाणी साठतं आणि गोळे ते वर ओढून घेतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकला. वरच्या गोळ्यांवर पांढरा थर चढला, मुळांची टोकं काळी पडली, कुंडीत पाणी असूनही पानं सुरकुतली. धुळ्याला नणंदेकडे हेच काम डिसेंबरात झालं. तिथल्या थंडीत रात्री पारा दहाच्या खाली जातो, आणि ओले गोळे बाष्पीभवनाने आणखी गार होतात. तिच्याही रोपांची मुळं कुजली.

मॉसमध्ये किंवा सालीत वाढलेली जुनी मुळं सततच्या ओलीत सहसा टिकत नाहीत; नव्या ओलीत फुटलेली मुळंच तिथे रुळतात. म्हणून खोडाशी हिरवी टोकं दिसू लागली की मगच कुंडी बदला. आपल्याकडे पाऊस स्थिरावल्यावरचे आठवडे त्यासाठी उत्तम.

दुसरा शत्रू बोअरच्या पाण्यातले क्षार. कोरड्या वाऱ्यात पाणी उडून जातं, क्षार गोळ्यांवर साचतात आणि कोवळी मुळं जाळतात. पावसाचं किंवा आरओचं शुद्ध पाणी वापरा. आरओने बाहेर टाकलेलं वाया जाणारं पाणी मात्र कटाक्षाने टाळा, त्यात क्षार अधिकच असतात. आठवड्यातून एकदा वरून भरपूर पाणी ओतून कुंडी धुऊन काढा.

कुंडी बदलताना गोळे आधी धुऊन दिवसभर भिजवा. मऊ पडलेली मुळं निर्जंतुक कात्रीने कापा, टणक राखा. सुरुवातीला साठलेलं पाणी मुळांच्या खालीच राहू द्या. केळीला ठिबकमधून देतो ते १९:१९:१९ खत इथे नको. त्यातला बराचसा नत्र युरियाच्या रूपात असतो आणि मातीविरहित कुंडीत तो मुळांना सहज मिळत नाही. नायट्रेटयुक्त, कॅल्शियम-मॅग्नेशियम असलेलं खत अगदी पातळ करून द्या.

पानं सुरकुतली म्हणून लगेच पाणी वाढवू नका. आधी मुळं तपासा. आणि क्षारमुक्त पाण्याची सोय नसेल, तर साल-कोळशाची कुंडीच ठेवा. ऑर्किड तिथेही आनंदाने फुलतं.