पालातून स्वतःच्या दुकानात : हस्तव्यवसाय आणि संकेतस्थळ

बुलढाणा तालुक्यातील धाड हे विदर्भ आणि मराठवाडा यांच्या सीमेलगतचे, बुलढाणा–छत्रपती संभाजीनगर मार्गावरील मोठे गाव. अशा गावाच्या आठवडी बाजारात पाल टाकून बसणारा विक्रेता ग्रामपंचायतीस जागेची फी देतो. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 124 अन्वये बाजारावर फी बसविण्याचा अधिकार पंचायतीस आहे. परंतु ती फी जागेपुरतीच असते. गिऱ्हाईक विक्रेत्याचेच राहते. टोपली कोणी विणली, गोधडी कोणी शिवली, हे त्याला ठाऊक असते आणि पुढील खेपेस ते त्याच पालाशी येऊन थांबते.

गेल्या काही वर्षांत ग्रामीण कारागीर आणि महिला बचत गट ज्या ऑनलाइन बाजारपेठांकडे वळले, तेथे हा व्यवहार उलटा झाला. तेथे विक्रेता फी देतोच, आणि गिऱ्हाईकही बाजारपेठेचे होते. पुण्यातील ग्राहकास गोधडी आवडली तर ती त्या अमुक कंपनीवरून आणली, असे तो शेजाऱ्यास सांगतो. शिवणाऱ्या हातांचे नाव त्याच्या लक्षात राहत नाही. या व्यवस्थेतून बाहेर पडून स्वतःचे संकेतस्थळ उभारावे काय, आणि उभारायचे तर कोणत्या क्रमाने, हा प्रश्न आता अनेक गटांपुढे आहे. सल्ल्यासाठी हे गट ग्रामसेवक, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्याकडेच येत असल्याने या विषयाची माहिती त्यांना असणे अगत्याचे आहे.

परक्या जागेतील धोका

ऑनलाइन बाजारपेठेचा उपकार नाकारण्याचे कारण नाही. मार्च 2020 मधील टाळेबंदीत आठवडी बाजार आणि प्रदर्शने बंद पडली, तेव्हा घरपोच विक्रीचा मार्ग ज्यांना अवगत होता त्यांनाच काही आधार उरला. अनोळखी ग्राहक आणून देणे, पैसे वसूल करणे, पार्सल उचलून नेणे ही कामे बाजारपेठ करते आणि ती कामे लहान नाहीत.

तथापि जागेचा मालक दुसरा असला की अटीही त्याच्याच असतात. हस्तनिर्मित वस्तूंसाठी जगभर प्रसिद्ध असलेली एट्सी ही अमेरिकेतील बाजारपेठ 2005 साली सुरू झाली. तिने 2018 मध्ये आपले विक्री शुल्क साडेतीन टक्क्यांवरून पाच टक्के केले आणि 11 एप्रिल 2022 पासून ते साडेसहा टक्के केले. त्या वेळी हजारो विक्रेत्यांनी आठवडाभर आपली दुकाने बंद ठेवून निषेध नोंदविला, परंतु शुल्क उतरले नाही. जर्मनीतील दावांडा या अशाच बाजारपेठेने तर 30 ऑगस्ट 2018 रोजी आपला व्यवहारच बंद केला. तेथील कारागिरांना अल्प मुदतीत दुसरीकडे बस्तान हलवावे लागले. माल आणि कसब त्यांच्याबरोबर गेले. वर्षानुवर्षे मिळविलेले ग्राहकांचे अभिप्राय मात्र सहजासहजी हलविता येण्यासारखे नव्हते.

नाव कोणाचे, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. जून 2025 मध्ये मिलान येथील एका सोहळ्यात प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरी चपलेशी थेट साम्य असलेली पादत्राणे मांडली, तेव्हा प्रारंभी कोल्हापूरचा उल्लेखही नव्हता. महाराष्ट्रातून आक्षेप घेण्यात आल्यानंतर कंपनीने या भारतीय कलेचे ऋण मान्य केले. कोल्हापुरी चपलेस भौगोलिक मानांकन होते म्हणून आक्षेपास बळ आले. धाड परिसरातील एखाद्या गटाच्या गोधडीस असे मानांकन नाही. तिचे नाव तिच्या करणारणींनीच राखावयाचे आहे.

हिशेब आधी, संकेतस्थळ नंतर

स्वतःचे संकेतस्थळ म्हणजे फुकटचे दुकान, असा समज आढळतो. तो दूर करण्यासाठी एक काल्पनिक हिशेब मांडणे उपयुक्त ठरेल. समजा, एका गोधडीची किंमत 1500 रुपये आहे आणि बाजारपेठेचे शुल्क 15 टक्के आहे. म्हणजे 225 रुपये शुल्क आणि त्यावर 18 टक्क्यांनी 40.50 रुपये वस्तू व सेवा कर, असे एकूण 265.50 रुपये गेले. स्वतःच्या संकेतस्थळावर ऑनलाइन रक्कम स्वीकारणारी सेवा दोन टक्के घेते असे धरले, तर 30 रुपये आणि कराचे 5.40 रुपये, म्हणजे 35.40 रुपये जातात. प्रत्येक नगामागे 230.10 रुपये वाचले. परंतु संकेतस्थळाचे नाव, जागा आणि देखभाल यांचा वार्षिक खर्च 12,000 रुपये असेल, तर तो भरून निघण्यासाठी वर्षाला 53 गोधड्या विकल्या गेल्या पाहिजेत. जाहिरातीवर नगामागे 100 रुपये घातले, तर हाच आकडा 93 वर जातो.

हाताने शिवलेली गोधडी पुरी होण्यास अनेक दिवस लागतात. ज्या गटाची वर्षाची शिलाईच चाळीस नगांची आहे, त्याने संकेतस्थळाच्या नादी लागू नये, हे स्पष्टपणे सांगितलेले बरे. अशा गटास भ्रमणध्वनीवरील छायाचित्रांची सूची आणि यूपीआयने रक्कम स्वीकारण्याची सोय एवढे पुरेसे आहे. यूपीआयने बँक खात्यातून थेट आलेल्या रकमेवर जानेवारी 2020 पासून व्यापाऱ्यास व्यवहार शुल्क द्यावे लागत नाही.

वाहतुकीचा खर्च या हिशेबात धरलेला नाही, पण तोच पुष्कळदा नफा खातो. बहुतेक कुरिअर सेवा प्रत्यक्ष वजन आणि आकारमानावरून काढलेले वजन यांपैकी जे अधिक असेल त्यावर आकार लावतात. लांबी, रुंदी आणि उंची यांचा सेंटिमीटरमधील गुणाकार 5000 ने भागण्याची पद्धत सर्रास आढळते. अडीच किलोची गोधडी 50 × 40 × 20 सेंटिमीटरच्या खोक्यात सैल भरली, तर ती आठ किलोची ठरते. तीच घट्ट बांधून 40 × 30 × 10 सेंटिमीटरच्या पुडक्यात बसविली, तर आकारमानाचे वजन 2.4 किलो येते आणि प्रत्यक्ष वजनाचाच आकार पडतो. बाजारपेठेतून बाहेर पडणाऱ्यांनी पहिला धडा गिरवावा तो बांधणीचा.

स्थलांतराचा क्रम

जुने पाल उठवून मग नवे दुकान शोधणे शहाणपणाचे नाही. बाजारपेठेतील विक्री चालू ठेवूनच संकेतस्थळ उभे करावे आणि दोन्ही काही काळ एकत्र चालवावीत. मात्र हस्तनिर्मित वस्तूंत एक अडचण येते. प्रत्येक नग वेगळा असतो. एकच गोधडी दोन्ही ठिकाणी मांडली आणि एकाच तासात दोन्हीकडे विकली गेली, तर एका ग्राहकास नकार द्यावा लागतो. यासाठी साठ्याची नोंदवही एकच ठेवून एकमेव नग एकाच ठिकाणी मांडावेत. पुन्हा पुन्हा करता येणारे नग दोन्हीकडे ठेवण्यास हरकत नाही.

बाजारपेठेतून मिळालेले ग्राहकांचे पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक उतरून घेऊन त्यांना संदेश पाठविण्याचा मोह होतो. बहुतेक बाजारपेठांच्या करारात यास मनाई असून त्यामुळे विक्रेत्याचे खाते बंद होऊ शकते. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, 2023 नेही ग्राहकाच्या संमतीस महत्त्व दिले आहे. यापेक्षा सरळ उपाय जुन्या कारागिरांनाही ठाऊक होता. आपले नाव वस्तूवरच असावे. गोधडीच्या कोपऱ्यात गटाचे नाव आणि ‘धाड, जि. बुलढाणा’ एवढी अक्षरे टाक्यांनी उमटवावीत. ती गोधडी ज्या घरात जाईल तेथे ते नाव राहील आणि ज्याला दुसरी हवी असेल तो नाव शोधत येईल. स्वतःच्या संकेतस्थळावर मात्र ग्राहकाची संमती विचारून त्याचा क्रमांक नोंदविता येतो. या नोंदीच पुढे गटाचे भांडवल ठरतात.

संकेतस्थळाचे नाव निवडताना ते रोमन लिपीत दोन प्रकारे लिहिले जाणार नाही, असे पाहावे. 2014 पासून देवनागरीत ‘.भारत’ असे नाव घेण्याची सोय झालेली आहे. तथापि परप्रांतीय ग्राहकांसाठी रोमन लिपीतील नावही जोडीला असणे इष्ट. मजकूर लिहिण्यात गावातील शिक्षकांचे साह्य मोलाचे ठरेल. ‘सुंदर, आकर्षक गोधडी’ या वर्णनाने ग्राहकास काहीच कळत नाही. लांबी-रुंदी, थर किती, आतील कापड जुन्या साड्यांचे की नवे, धुण्याची रीत कोणती, हे लिहावे. जुने कापड वापरले असल्यास ते लपवू नये. गोधडीचे तेच तर वैशिष्ट्य आहे. छायाचित्र ज्या नगाचे, तोच नग पाठविला पाहिजे.

कर आणि कायदा

पूर्वी ऑनलाइन बाजारपेठेतून माल विकणाऱ्यास उलाढाल कितीही अल्प असली तरी वस्तू व सेवा कराची नोंदणी अनिवार्य होती. 1 ऑक्टोबर 2023 पासून राज्यातल्या राज्यात विक्री करणाऱ्या लहान विक्रेत्यांना ठराविक अटींवर यातून सूट मिळाली. स्वतःच्या संकेतस्थळावरून केवळ महाराष्ट्रात माल विकणाऱ्यास सर्वसाधारणपणे 40 लाख रुपयांच्या वार्षिक उलाढालीपर्यंत नोंदणीची आवश्यकता नाही. परराज्यात माल गेला की नियम बदलतो. अधिसूचित हस्तकला वस्तूंना तेथेही सवलत आहे, परंतु तिची मर्यादा आणि अटी वेगळ्या आहेत. आपली वस्तू त्या सूचीत बसते किंवा नाही, याची करसल्लागाराकडून आधी खात्री करून घ्यावी.

ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, 2020 हेही नजरेआड करू नयेत. विक्रेत्याचे नाव व पत्ता, सर्व आकारांसह एकूण किंमत, माल परत घेण्याच्या अटी आणि तक्रार कोणाकडे करावी, ही माहिती ग्राहकास स्पष्ट दिसली पाहिजे. वर्णनापेक्षा वेगळा अथवा सदोष माल परत घेण्यास नकार देता येत नाही. बाजारपेठेत ही कटकट बऱ्याच अंशी कंपनी निस्तरते. स्वतःच्या दुकानात दूरध्वनी गटाच्या अध्यक्षांनाच येणार.

किल्ली कोणाकडे

एका गोष्टीकडे मात्र हमखास दुर्लक्ष होते. गटासाठी संकेतस्थळ तयार करून देणारा तरुण पुष्कळदा त्याचे नाव स्वतःच्याच खात्यावर नोंदवितो. त्यात लबाडी असतेच असे नाही. तेच त्याला सोपे पडते. परंतु तो गाव सोडून गेला किंवा नूतनीकरण विसरला, की दुकान एका रात्रीत नाहीसे होते, आणि कारागिरांच्या पदरी एका मालकाऐवजी दुसरा मालक येतो. म्हणून संकेतस्थळाच्या नावाची नोंदणी गटाच्या नावे असावी. तिच्याशी जोडलेला ई-मेल आणि भ्रमणध्वनी क्रमांक गटाचा असावा आणि विक्रीची रक्कम गटाच्या बँक खात्यातच जमा व्हावी. नोंदणीची तारीख, नूतनीकरणाची तारीख, खाते कोणत्या कंपनीकडे आहे आणि परवलीचे शब्द कोणाकडे आहेत, याची नोंद गटाच्या इतिवृत्त वहीत करावी. परवलीचे शब्द मात्र वहीत न लिहिता बंद पाकिटात ठेवावेत. अध्यक्ष किंवा सचिव बदलल्यास बँकेतील सह्यांच्या बदलाबरोबरच हे पाकीट नव्या पदाधिकाऱ्यांच्या हाती द्यावे आणि परवलीचे शब्द त्याच दिवशी बदलून घ्यावेत.